आपलं न विकता बघितलेली तेवीस घरं

घर बघायला निघालेल्या माणसाला एजंट पहिला प्रश्न बजेटचा विचारतो, असा माझा समज होता. बजेटचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असतो, "मॅडम, तुमचं विकलं का?"

राहतं घर अजून विकलेलं नाही म्हटलं की पलीकडचा आवाज लगेच सैल पडतो. "बरं, बघू, सांगतो." मग चार दिवस फोन नाही. हे सुरुवातीचे दोन महिने माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटायचं, पुण्यात आमच्या कोथरूडमध्ये विकाऊ घरंच नाहीत. घरं होती. आम्ही त्यांच्या भाषेत 'रेडी पार्टी', म्हणजे पैसे हातात असलेलं गिऱ्हाईक नव्हतो, एवढंच.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. १९८९ ची इमारत, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. २००४ साली आम्ही ते जुनंच घेतलं, सगळा खर्च धरून नऊ लाख वीस हजारांना. तेव्हा मी मुलीला कडेवर आणि भाजीच्या दोन पिशव्या हातात घेऊन वर यायचे आणि दम लागला तर कट्ट्यावर टेकायचे. घर बघायला लागलो तेव्हा सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. २०२३ च्या गणपतीत त्या विसर्जनाला खाली उतरल्या आणि वर यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी खुर्ची आणून देत होतं. दिवाळीत त्या खाली आल्याच नाहीत. गॅलरीतूनच शेजारच्या पोरांचा किल्ला बघितला.

रिडेव्हलपमेंटचं म्हणाल तर २०१६ पासून चालू होतं. म्हणजे बैठका चालू होत्या. आता एकावन्न टक्के संमती पुरते. बाराच्या एकावन्न टक्के म्हणजे सात सह्या. आमच्याकडे कायम सहा व्हायच्या आणि सातवा दर वेळी वेगळा असायचा. एकदा तर आम्हीच सातवे होतो, हे कबूल करायला हवं.

तर घर बदलायचं ठरलं. कुठल्या क्रमाने, यावर घरात तीन मतं पडली. नवऱ्याचं म्हणणं, आधी विकायचं, पैसे खात्यात घ्यायचे, सहा-आठ महिने भाड्याने राहायचं आणि मग रोख हातात घेऊन रुबाबात घर शोधायचं. माझं म्हणणं, आपल्या पैशात काय मिळतंय हे बघितल्याशिवाय विकायचं कसं? विकून बसलो आणि भाव चढले तर? सासूबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एका घराची किल्ली हातात आल्याशिवाय दुसऱ्याची सोडायची नाही. बाकी तुमचं तुम्ही ठरवा." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना अकरा महिन्यांसाठी एका घरात आणि मग दुसऱ्या घरात न्यायचं, हे नवऱ्यालाही पटत नव्हतंच. तेव्हा आधी बघायचं ठरलं.

मुलीची अकरावीची सायन्सची जर्नल अर्धी कोरी होती, ती काढली. जर्नलमध्ये एक पान कोरं आणि एक रेघांचं असतं. कोऱ्या पानावर घराचा नकाशा, रेघांच्या पानावर आकडे. पहिलं घर नोव्हेंबर २०२३, तेविसावं सप्टेंबर २०२४. मधल्या काळात जेवढे शनिवार-रविवार गेले तेवढ्यात दोन नाटकं आणि एक लग्न सोडलं तर आम्ही लोकांच्या घरातच होतो.

पहिलं घर बावधनला, अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून टेकड्या, वारा, सगळं छान. फक्त गेटवर एका मागे एक तीन टँकर उभे होते. एजंट म्हणाला, "आज जरा पाण्याचा प्रॉब्लेम आहे." लिफ्टमधल्या फळ्यावर टँकरच्या खर्चाचा महिन्याचा हिशोब लावलेला होता. त्यावरून तो 'आज जरा' बऱ्याच महिन्यांचा दिसत होता. सासूबाईंना फोटो दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "लिफ्ट बंद पडली तर?" चोपन्न पायऱ्यांवरून सुटायला निघालो होतो आणि तिथे जवळजवळ दोनशे होत्या.

तिसऱ्या घरात नवऱ्याने टेप काढली. एजंट साडेसहाशे चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, म्हणत होता. भिंत ते भिंत मोजत गेलो तर पाचशे त्र्याऐंशी भरलं. एजंटने गॅलरी धरली, फ्लॉवर बेड धरला, तरी सहाशेच्या पुढे जाईना. जुन्या करारांमध्ये बिल्टअप, सुपर बिल्टअप, सेलेबल असे शब्द असतात आणि प्रत्येकजण सोयीचा उचलतो. रेरा या घरबांधणीच्या कायद्यामुळे नव्या प्रकल्पात कार्पेटची व्याख्या पक्की झाली आहे. जुन्या घरात आपली टेप हीच व्याख्या. घरी आल्यावर आम्ही आमचंही घर मोजलं. वीस वर्षं लोकांना "सव्वासातशेचं आहे" असं सांगत होतो. निघालं पाचशे वीस. त्या रात्री नवरा जरा गप्पच होता.

टेपपेक्षा त्याची दुसरी सवय जास्त कामाची ठरली. कुठल्याही घरात गेलं की तो बोलत बोलत भिंतीला तळहात लावायचा. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीखालची, वरचा मजला असेल तर छताजवळचा कोपरा. पाचव्या घरात, कर्वेनगरला, हॉलची एकच भिंत ताजी रंगवलेली होती, फिक्कट गुलाबी. बाकीच्या तीन भिंतींवर दहा वर्षांचा पिवळेपणा. मालकीण म्हणाल्या, "मुलाने हौसेने केलीय, हायलाइट वॉल." नोव्हेंबरचे दिवस, हाताला भिंत कोरडी ठणठणीत लागली. घर चांगलं होतं. लिफ्ट, पहिला मजला, बाजूला दवाखाना. ऐपत असती तर आम्ही ते घेतलंही असतं. पण पैसे भिंतींमध्ये अडकलेले, म्हणून नाही घेतलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तेच घर दुसऱ्या एजंटकडून पुन्हा समोर आलं, पाच लाखांनी कमी. गेलो. हायलाइट वॉल खालून गुडघ्यापर्यंत फुगली होती, पोपडे सुटले होते, समोर सोफा सरकवून ठेवला होता. मालकीणबाईंनी आम्हाला ओळखलं. आम्ही त्यांना ओळखलं. चहा घेऊन निघालो. आपलं विकलेलं नसण्याचा हा एवढा एक फायदा. घाई करता येत नाही, म्हणून एकच घर दोन ऋतूंत बघून होतं.

आता पैशांचं सांगते, कारण खरा घोळ तिथेच होता. आमच्या डोक्यात एक कोटीच्या आसपासचं घर होतं. आमचं विकून सत्तरेक लाख येतील असा अंदाज, बाकी थोडी बचत आणि थोडं कर्ज. बँकेत गेलो तर तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, हे आम्हाला माहीत होतं. पण स्टँप ड्यूटी आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, हे नव्हतं माहीत. पुण्यात स्टँप ड्यूटी सगळे अधिभार धरून सात टक्के आणि नोंदणी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. म्हणजे एक कोटीच्या घराला सात लाख तीस हजार खिशातून, तेही करारनाम्याच्या वेळीच. शिवाय बँक आपले पैसे शेवटी देते, आधी तुमचा वाटा भरा म्हणते. आणि आमचा वाटा म्हणजे तर आम्ही राहत होतो ते घर.

ब्रिज लोन म्हणून एक प्रकार असतो. जुनं विकेपर्यंतच्या मधल्या काळासाठी, साधारण दोन वर्षांच्या मुदतीचं, नेहमीच्या गृहकर्जापेक्षा महाग. त्याचा हप्ता आणि गृहकर्जाचा हप्ता एकत्र मांडून बघितला आणि नवऱ्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुन्हा तो कागद कधी बाहेर आला नाही.

फेब्रुवारी-मार्चपर्यंत माझा धीर सुटत चालला होता. घर आवडायचं, आठवड्याने फोन करावा तर "ते गेलं मॅडम." अशी तीन गेली. म्हणून नववं घर आवडलं तेव्हा घाई केली. दुसरा मजला, लिफ्ट, स्वयंपाकघराच्या खिडकीत कडुनिंब. अठ्ठ्याण्णव लाख. गुढीपाडवा होता, ९ एप्रिल. मुहूर्त सोडायचा नाही म्हणून एक्कावन्न हजारांचा चेक टोकन म्हणून दिला. मालकाने वहीच्या पानावर लिहून दिलं, "टोकन मिळाले." पंचेचाळीस दिवसांत साठेखत, म्हणजे विक्रीचा करारनामा, करायचं तोंडी ठरलं. दुसऱ्या दिवशी आमचं घर विकायला काढलं.

त्या पंचेचाळीस दिवसांत आमच्या घरी अकरा जण आले. आठ जणांनी खालूनच "लिफ्ट नाही का?" विचारलं आणि परत गेले. दोघे वर आले, पाणी प्याले, छान आहे म्हणाले. एकाने अठ्ठावन्न लाख सांगितले. मुदत आहे हे त्याला कळलं होतं. कसं कळलं ते मला अजून माहीत नाही, पण आमचा एजंट आणि त्याचा एजंट एकाच टपरीवर चहा पितात. सेहेचाळिसाव्या दिवशी कडुनिंबवाल्यांनी घर दुसऱ्याला दिलं. एक्कावन्न हजारांतले सव्वीस परत आले, पंचवीस त्यांनी "आमचे दीड महिने अडले" म्हणून ठेवून घेतले. भांडायला गेलो असतो, पण कशाच्या जोरावर? कागदावर दोन शब्द होते. आमचं विकलं गेलं नाही तर टोकनचं काय, हे आम्ही विचारलंही नव्हतं आणि लिहिलंही नव्हतं. मग आम्ही आमचं घर बाजारातून परत काढलं. एजंट वैतागला. त्याचंही बरोबरच होतं.

मे महिन्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीकडच्या एका सोसायटीत घर बघितलं. जर्नलमध्ये हे चौदावं. तीन खोल्या, हवेशीर, आणि आजूबाजूच्या भावापेक्षा पंधरा लाख कमी. मे महिन्यातली मुठा म्हणजे काय, मधोमध एक हिरवी रेघ. पार्किंगमध्ये गाडी काढताना वॉचमनकाका जवळ आले. मी आपलं सहज विचारलं, पाणी कसं आहे इथे? मला नळाचं पाणी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "पावसाळ्यात या ना एकदा." एवढंच. एजंट हॉर्न वाजवत होता.

त्यावर घरी चार दिवस चर्चा झाली. नदीची निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असते हे नवऱ्याला माहीत होतं. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्याचं मत, रेषेच्या बाहेर असेल तर घ्यावं. माझं मत, पंधरा लाख कोणी उगाच सोडत नाही. निर्णय झाला नाही, कारण नेहमीप्रमाणे आमचं विकलं नव्हतं.

मग जुलैचा तो आठवडा आला. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्प सादर झाला. घर विकल्यावरच्या नफ्यावरचा कर वीस टक्क्यांवरून साडेबारा टक्के, पण महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरायची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, बंद. घरात हाहाकार. वीस वर्षांपूर्वीची खरेदी, नऊ लाख वीस हजारच धरायचे म्हणजे नफा केवढा दिसेल! नवरा रात्री अकरा वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसला. "माझं ऐकून आधीच विकलं असतं तर," हे वाक्य त्या रात्री दोनदा झालं. ऑगस्टमध्ये सरकारने दुरुस्ती केली आणि जुन्या घरांसाठी दोन्हींपैकी कमी बसेल तो कर भरायची मुभा दिली. सीएकडे गेलो. अडुसष्ट लाखांना विकलं असं धरून त्याने दोन्ही बाजूंनी मांडलं. इंडेक्सेशन धरून वीस टक्क्यांनी सात लाख एकोणसत्तर हजार, न धरता साडेबारा टक्क्यांनी सात लाख पस्तीस हजार. म्हणजे ज्यासाठी झोप उडवली ते आमच्या बाबतीत उलटंच होतं. शिवाय नवीन घरात नफ्याची रक्कम घातली की आयकराच्या तेव्हाच्या कलम ५४ खाली तोही भरायचा नाही. फक्त नवीन घराची खरेदी विकण्याच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत झालेली पाहिजे. म्हणजे आधी घेतलं तर हरकत नाही, पण मग वर्षाच्या आत आपलं विकलंच पाहिजे. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे सरकारलाही माझं पटतं, फक्त त्यांना एका वर्षाचा धीर आहे."

अर्थसंकल्पानंतर दोनच दिवसांनी, २५ जुलैला, पहाटेपासून पाऊस कोसळत होता. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या भागात सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. टीव्हीवर होड्या दिसत होत्या. मी दूध तापवत होते, ते उतू गेलं. पंधरा दिवसांनी आम्ही चौदाव्या घराकडे मुद्दाम गेलो. पार्किंगच्या खांबांवर एकसारखी तपकिरी रेघ, माझ्या छातीपर्यंत. पहिल्या मजल्याच्या जिन्यात चिखलाचा वास. वॉचमनकाका भेटले नाहीत, दुसराच कोणी होता. एजंटचा मात्र संध्याकाळी स्वतःहून फोन आला, "मॅडम, आता अजून खाली येईल बघा भाव."

त्यानंतर माझी एक पद्धत पडली. घर बघून झालं की नवऱ्याला गाडी काढायला पाठवायचं आणि वॉचमनशी, नाहीतर जिना पुसणाऱ्या मावशींशी पाच मिनिटं बोलायचं. पाणी किती वेळ, लिफ्ट महिन्यातून किती वेळा बंद, वरच्या मजल्यावर कोण राहतं. मालकाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सगळीकडे सारखीच येतात.

पितृपक्षात कोणी घर बघायला जात नाही. एजंटांचे फोन थंड, घरमालक मोकळे. आम्ही गेलो. सासूबाईंना आवडलं नाही, पण नवरा म्हणाला, "बाबांचं श्राद्ध केलंय, त्यांची हरकत असती तर कावळ्याने सांगितलं असतं." तेविसावं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे निघालं. दहा महिने पुण्याच्या चारी दिशा फिरलो आणि घर होतं ते आमच्या किराणा दुकानाच्या मागे. दुसरा मजला, लिफ्ट, सहाशे ऐंशी कार्पेट, मोजून. निवृत्त गृहस्थ एकटेच होते. त्यांनी प्रत्येक खोलीत आपणहून उणीव सांगितली. इथे खिडकी घट्ट बसत नाही, इथला नळ उजवीकडे नाही, डावीकडे फिरवायचा. शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला, "तुमचं विकलंय का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरं झालं. मलाही जानेवारीपर्यंत हलता यायचं नाही."

त्यांनी शहराबाहेर एका नव्या प्रकल्पात फ्लॅट घेतला होता आणि ताबा जानेवारीत मिळणार होता. म्हणजे तेही आमच्यासारखेच अधांतरी, फक्त एक पायरी पुढे. दहा महिने जी गोष्ट सांगताना मी खाली बघायचे, तीच या घरात सोयीची ठरली. एक कोटी पाच लाखांवर ठरलं. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, पुन्हा एक्कावन्न हजार. पण या वेळी वकिलाकडून दोन पानं लिहून घेतली. आमचं घर अमुक तारखेपर्यंत विकलं नाही तर टोकन पूर्ण परत, त्यांचा ताबा लांबला तर आम्ही किती दिवस थांबायचं, बाकी रक्कम कुठल्या टप्प्यात. घरमालक काकांनीच सुचवलं, "पिन कोडसुद्धा लिहा हो."

साठेखत ऑक्टोबरच्या शेवटी नोंदवलं. ते फक्त माझ्या नावावर केलं असतं तर महिला म्हणून स्टँप ड्यूटीत एक टक्का, म्हणजे एक लाख पाच हजार वाचत होते. जीव तुटत होता. पण जुनं घर दोघांच्या नावावर, नफा दोघांचा, तेव्हा नवं घरही दोघांच्या नावावर असलेलं बरं, असं सीए म्हणाला. सात लाख पस्तीस हजार अधिक तीस हजार. नवऱ्याचा पीएफ तिथे गेला.

आणि आता खरंच विकायचं होतं. एजंटने या वेळी जाहिरात वेगळी लिहिली. मी म्हटलं, लिफ्ट नाही हे आधीच लिहून टाका, लोकांचा हेलपाटा वाचेल. तो म्हणाला, "मॅडम, लिफ्ट नाही असं नसतं लिहायचं. 'मेंटेनन्स अत्यंत कमी' असं लिहायचं." दोन्ही खरंच होतं म्हणा. आणि या वेळी तरुण माणसं आली. त्यांना चोपन्न पायऱ्या म्हणजे काहीच नाही, मीही त्या वयात अशीच होते.

लोक येणार म्हटलं की मी आदल्या रात्री ओटा घासायचे, बाथरूममधले डबे कपाटात कोंबायचे, सासूबाईंचं बाम आणि शेकायची पिशवी लपवायचे. घरात बामाचा वास असला की लोक आजारी घर समजतात, हे मीच कुणाकुणाच्या घरात मनात म्हटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, छतापासून हातभर खाली, दर पावसाळ्यात ओल यायची. गच्चीवरचा पाइप तिथूनच जातो. तो कोपरा मी दिवाळीच्या रंगात करून घेतला होता. हायलाइट वगैरे नाही, साधा पांढरा.

नोव्हेंबरमध्ये एक जोडपं आलं, बरोबर मुलाची आई. मुलगा-सून हॉलमध्ये टीव्ही कुठे लागेल ते बघत होते. त्या बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, चपलांच्या स्टँडजवळचं स्टूल उचलून आणलं, त्यावर चढल्या आणि त्या कोपऱ्याला तळहात लावला. मी आणि नवरा दारात उभे. भिंत कोरडीच होती, नोव्हेंबर होता. मी काही बोलणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "तिथे पावसाळ्यात ओल येते. गच्चीचा पाइप आहे. सोसायटीने दोनदा दुरुस्त केलाय, तरी येते." बाई स्टुलावरूनच म्हणाल्या, "किती खाली येते?" त्याने हात धरून दाखवलं. आमची मागणी सत्तर होती, अडुसष्टला सौदा झाला. दोनातले किती त्या कोपऱ्याचे, हे मी त्याला अजून विचारते.

पुढचं सगळं कागदांचं. त्यांच्या बँकेच्या वकिलाला आमच्या इमारतीचं भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, हवा होता. पस्तीस वर्षांत तो कोणी बघितलेला नव्हता, महापालिकेत अर्ज करून त्याची प्रत मिळवली. सोसायटीची ना हरकत, शेअर सर्टिफिकेट, जुन्या कर्जाचं फिटल्याचं पत्र. पन्नास लाखांच्या वरच्या घराला घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आगाऊ कर, किमतीतून कापून भरायचा असतो. अडुसष्ट हजार एकदम भरून टाकले असं होत नाही. घेणारे दोन, विकणारे दोन, म्हणून सतरा-सतरा हजारांचे चार फॉर्म. त्या मुलाने चारही फॉर्म आमच्या डायनिंग टेबलवर बसून भरले, सासूबाईंनी त्याला पोहे दिले. नवीन सोसायटीने हस्तांतरणाचे म्हणून पन्नास हजार मागितले. कायद्याने पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाहीत, म्हणून वरचे पंचवीस "ऐच्छिक देणगी." आम्ही पंचवीसच दिले. तिथे अजून आमच्याशी जरा बेतानेच बोलतात.

९ जानेवारीला आमच्या घराचं शेवटचं पेमेंट झालं, १० तारखेला ताबा द्यायचा होता. ८ तारखेला काकांचा फोन आला. त्यांच्या प्रकल्पाचा ताबा पुढे ढकलला गेला होता. आवाज अगदी ओशाळलेला. वकिलाने लिहिलेल्या दोन पानांप्रमाणे आम्ही तीस दिवस थांबायला बांधील होतो. आम्हीच लिहून घेतलेलं.

असे एकोणीस दिवस आम्ही नणंदेकडे चिंचवडला काढले. सामान एका टेंपोवाल्याच्या गोडाउनमध्ये. संक्रांतीचा तिळगूळ तिथेच. नणंदेचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, सासूबाई रोज दोनदा खाली जाऊन बाकावर बसायच्या. 'मी म्हटलं होतं ना' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, त्यामुळे नवरा जास्तच अस्वस्थ असायचा.

२९ तारखेला काकांनी किल्ल्या दिल्या. सामान लावताना सासूबाईंनी त्यांचा बटवा माझ्याकडे दिला, देवाजवळ ठेव म्हणाल्या. जड लागला म्हणून उघडला. आत जुन्या घराच्या लॅचची किल्ली. त्या मुलाला ताबा देताना आम्ही दोन किल्ल्या दिल्या होत्या आणि तिसरी कधीच हरवली असं त्याला सांगितलं होतं. सांगितलं होतं ते सासूबाईंनीच.

"आई, ही परत द्यायला हवी."

"कशाला? त्यांनी लॅच बदललं असेलच," त्या म्हणाल्या आणि लिफ्ट चालू आहे का ते बघायला बाहेर गेल्या.